इग्लू व्हाइट

इग्लू व्हाइट : व्हिएतनाम युद्धात, उत्तर व्हिएतनामची रसद दक्षिणेकडे नेणाऱ्या, लाओसमधून जाणाऱ्या हो चि मिन्ह मार्गावरील मालवाहतुकीचा माग काढण्यासाठी अमेरिकेने विमानांतून संवेदक टाकून उभारलेली यंत्रणा. ती डिसेंबर १९६७ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी १९७३ मधील लाओसच्या युद्धबंदीबरोबर संपली. हे नाव जून १९६८ पासूनचे असून त्याआधीच्या कागदपत्रांत हीच यंत्रणा ‘मसल शोल्स’ या नावाने येते. १९६२ च्या जिनीव्हा कराराने लाओस तटस्थ ठरला होता (कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते). त्यामुळे तेथे उघडपणे पायदळ उतरवणे अमेरिकेला अडचणीचे होते, आणि वाहतूक रोखायची तर ती आकाशातूनच, असा पेच होता.

कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांच्या नावाने या संपूर्ण अडथळा-योजनेसाठी ‘मॅकनमारा रेषा’ हा शब्द रूढ झाला. काही लेखक हार्वर्डमधील कायद्याचे प्राध्यापक रॉजर फिशर यांच्या जानेवारी १९६६ च्या टिपणाकडे बोट दाखवतात. मात्र फिशर यांच्या टिपणाचा भर सुरुंग आणि कुंपण यांच्या प्रत्यक्ष अडथळ्यावर होता. संवेदक, संदेश पोचवणारे विमान, संगणक आणि मग हल्ला ही साखळी ऑगस्ट १९६६ च्या ‘जेसन’ या शास्त्रज्ञगटाच्या अहवालात दिसते, म्हणून श्रेय त्या गटाकडे देणे अधिक सयुक्तिक वाटते. सप्टेंबर १९६६ मध्ये लेफ्टनंट जनरल आल्फ्रेड स्टारबर्ड यांच्या हाताखाली स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. उत्तर व दक्षिण व्हिएतनाममधील निर्लष्करी पट्ट्याच्या दक्षिणेस मरीन सैनिक बांधत असलेली तटबंदी हा याच योजनेचा दुसरा भाग. ती अपुरीच राहिली. या दोन भागांची गल्लत अनेक लोकप्रिय वर्णनांत आढळते.

संवेदकांचे मूळ नौदलाच्या पाणबुडीशोधक तरंगत्या यंत्रांत आहे. ‘अकूबॉय’ हा ध्वनिसंवेदक सुमारे ९१ सेंमी. लांब व १२ किग्रॅ. वजनाचा होता. त्याची रंगवलेली हवाई छत्री झाडाच्या फांद्यांत अडके आणि तो लटकत राही. ‘स्पाइकबॉय’ (सुमारे १६८ सेंमी., १८ किग्रॅ.) छत्रीविना पडून जमिनीत रुते. सर्वाधिक वापर झाला तो ‘ॲडसिड’ या कंपसंवेदकाचा. लांबी सुमारे ७९ सेंमी., व्यास ७.५ सेंमी., वजन ११ किग्रॅ. तो भाल्यासारखा मातीत घुसे आणि झुडपाच्या रूपातली त्याची अँटेना तेवढी वर उरे. जमीन खडकाळ असली तर तो आदळून निकामी होई, आणि फार मऊ असली तर अँटेनासकट गडप होई. बॅटरी काही आठवडेच टिके, म्हणून कोरड्या हंगामात त्याच जागी पुनःपुन्हा संवेदक पेरावे लागत. विष्ठेच्या गोळ्यासारखा दिसणारा एक छोटा कंपसंवेदकही तयार झाला होता. पाय पडताच फटाक्यासारखा आवाज करून ध्वनिसंवेदकाला जागे करणारे गोळीएवढे स्फोटक मात्र दमट हवेत लवकर निकामी होत.

एकटा संवेदक फारसा उपयोगी नव्हता. रस्त्याच्या कडेने काही संवेदकांची माळ टाकत; ते एकामागून एक जागे झाले की ट्रकची दिशा आणि वेग कळे. त्यासाठी प्रत्येकाची जागा नकाशावर अचूक माहीत असणे आवश्यक होते. जागा चुकली की सगळे गणित चुके. प्रारंभी हे काम नौदलाची व्हीओ-६७ ही तुकडी ओपी-२ई नेपच्यून विमानांतून करी. सावकाश व खालून उडावे लागत असल्याने तिची ३ विमाने व २० माणसे गेली. नंतर हे काम वेगवान एफ-४ विमानांकडे आले. संकेत घिरट्या घालणाऱ्या ईसी-१२१आर विमानांमार्फत थायलंडमधील नाखोन फानोम येथील केंद्रात पोचत. तेथील आयबीएम ३६०/६५ संगणक ते जुळवी आणि पडद्यावरील नकाशात ट्रकांचा ताफा सरकत्या पांढऱ्या अळीसारखा दिसे. त्यावरून पुढच्या ठरावीक टप्प्यावर तो केव्हा पोचेल याचा अंदाज बांधून विमानांना कळवत. गडगडाट, पाऊस, आपल्याच बॉम्बचे हादरे यांमुळे खोटे इशारेही येत. दक्षिण व्हिएतनाममधील केसान्ह या अमेरिकी तळाच्या वेढ्यात (१९६८) हेच संवेदक तळाभोवती टाकले गेले, आणि तेथे त्यांचा उपयोग झाल्याबद्दल फारसा मतभेद नाही.

खरा वाद ट्रकांच्या आकड्यांचा आहे. १९७०–७१ च्या कोरड्या हंगामातील ‘कमांडो हंट ५’ या मार्गावरील हवाई हल्ल्यांच्या मोहिमेत अमेरिकी हवाई दलाने २० हजारांहून अधिक ट्रक नष्ट अथवा नादुरुस्त केल्याचा दावा केला. उत्तर व्हिएतनामकडे असतील अशा मानलेल्या एकूण ट्रकांहून हा आकडा मोठा होता. दिवसा घेतलेल्या छायाचित्रांत तितके सांगाडे मिळेनात. तेव्हा हवाई दलातच ‘लाओसचा ट्रकखाऊ राक्षस’ असा विनोद रूढ झाला. घोळ मोजण्याच्या निकषात होता : एसी-१३० या तोफा बसवलेल्या विमानाचा गोळा लागून ट्रक थांबला की तो नष्ट झाला असे धरत. पण ४० मिमी.चा गोळा लागलेला ट्रक बहुधा दुरुस्त होई. १९७१ मधील चाचणीत हे दिसल्यावर, पेटलेला वा स्फोट झालेला ट्रकच नष्ट धरावा, असे ठरले. संवेदकांनी वाहतूक बऱ्यापैकी टिपली, पण टिपणे आणि थोपवणे यांत अंतर राहिले, हे मत अधिक ग्राह्य दिसते. खर्चाबाबतही एकवाक्यता नाही. १९६६ ते १९७१ साठी सुमारे १.७ अब्ज डॉलर हा आकडा आढळतो, तर वर्षाला १ अब्ज असेही लिहिलेले आढळते. दुसऱ्यात विमानहल्ल्यांचा खर्च धरला असावा.

मार्ग सांभाळणाऱ्या उत्तर व्हिएतनामच्या ‘गट ५५९’ ने (स्थापना मे १९५९) संवेदकांना कसे फसवले, याची माहिती त्रोटक आहे. मूत्राची भांडी झाडांना टांगल्याची बहुचर्चित गोष्ट या यंत्रणेची नव्हे. ती अमोनिया हुंगणाऱ्या ‘पीपल स्निफर’ या हेलिकॉप्टरमधील वेगळ्या उपकरणाशी निगडित आहे. ट्रक संपूर्ण मार्ग न जाता ठरलेल्या टप्प्यातच ये-जा करत, त्यामुळे चालकाला आपला रस्ता अंधारातही पाठ असे. १९६८ पासून टाकलेल्या इंधनवाहिन्यांना ट्रकच लागत नव्हते. ३० मार्च १९७२ रोजी सुरू झालेल्या उत्तर व्हिएतनामच्या ईस्टर आक्रमणात दक्षिण व्हिएतनाममध्ये टी-५४ रणगाडे उतरले.

या बनावटीचे कंपसंवेदक पुढे अमेरिका–मेक्सिको सीमेवर वापरले गेले.