एमएच370: शोध थांबवायचा निर्णय आणि त्यानंतर फुटलेले फाटे

एमएच370, म्हणजे मार्च 2014 ला क्वालालंपूरहून बीजिंगला जाताना 239 माणसांसकट गायब झालेलं मलेशिया एअरलाइन्सचं विमान, त्याचा विषय निघाला की आपल्याकडं अजूनही कुणी ते डिएगो गार्सियाला (हिंदी महासागरातला अमेरिकी लष्करी तळ) नेलं म्हणतं, कुणी कझाकस्तानला, कुणी सरळ पायलटवर ढकलून मोकळं होतं. संभाजीनगरच्या लोकांना विमान अपघात नवीन नाही, 26 एप्रिल 1993 ला चिकलठाण्याहून उडताना विमान कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं, 55 माणसं गेली, पण तिथं अवशेष समोर होते, वाचलेली माणसं सांगायला होती. इथं समोर काहीच नव्हतं. 2009 ला अटलांटिकमधी पडलेलं विमानसुद्धा दोन वर्षांनी तळाशी सापडलं, कारण पहिल्या आठवड्यातच तुकडे हाती लागले होते.

विमान पश्चिमेला वळलेलं लष्करी रडारवर दिसलं होतं, तरी दक्षिण चीन समुद्रातला शोध 15 मार्च 2014 पर्यंत चालूच. मग 24 मार्चला जाहीर झालं की विमान हिंदी महासागरात संपलं, काही नातेवाइकांना तर हे एसएमएसवर कळवलं, आणि ज्या सॅटेलाइट डेटावरून हे ठरवलं तो लोकांपुढं आला 27 मे ला. मधले दोन महिने अफवांना रान मोकळंच मिळालं. त्या डेटावरून विमान सॅटेलाइटपासून किती लांब होतं आणि ढोबळमानानं ते दक्षिणेला गेलं एवढंच निघतं, त्यामुळं हातात आली ती समुद्रावरची एक लांबलचक कमान, नेमकं ठिकाण नाही.

खरा वाद पुढच्या निर्णयाचा आहे. जुलै 2016 ला शोध घेणाऱ्या तीन देशांनी (मलेशिया, ऑस्ट्रेलिया, चीन) ठरवलं की 1,20,000 चौ. किमी तळ बघून झाला (म्हणजे दोन मराठवाड्यांना थोडंच कमी) अन् काही निघालं नाही तर थांबायचं, परत सुरू करायचं तर नेमकी जागा दाखवणारा नवा पुरावा पाहिजे. डिसेंबरात त्यांच्याच तज्ज्ञांनी सांगितलं की विमान इथं नाही, उत्तरेला लागून असलेले 25,000 चौ. किमी बघा. उत्तर आलं, नेमकी जागा सांगा! 17 जानेवारी 2017 ला काम बंद. बोअर कोरडा गेल्यावर पाणाड्यानं शेजारचा पॉइंट दाखवावा आणि मालकानं आधी पाणी दाखव म्हणावं, असला हा प्रकार. नेमकी जागा माहीत असती तर शोध कशाला लागला असता?

तरी काही शास्त्रज्ञ थांबले नाहीत. जुलै 2015 ला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एमएच370 च्या पंखाचा जो तुकडा, फ्लॅपेरॉन, सापडला होता, तसाच खऱ्या बोइंग 777 (एमएच370 याच प्रकारचं विमान) चा फ्लॅपेरॉन आणून, सापडलेल्या तुकड्याएवढा कापून त्यांनी समुद्रात सोडला, वाऱ्यानं तो कुठं अन् किती वेगानं जातो ते मोजलं. एप्रिल 2017 ला निष्कर्ष आला, 35 अंश दक्षिणेच्या आसपास, म्हणजे त्याच 25,000 मधी. ऑस्ट्रेलिया सरकारचं उत्तर तेच.

2018 ला एका खाजगी कंपनीनं तो भाग आणि त्याच्या वरचाही लई मोठा पट्टा बघितला, विमान नाही सापडलं. म्हणून थांबवणारे बरोबर होते असं काही लोक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण बघितल्याशिवाय तो भाग यादीतून निघालाच नसता. जुलै 2018 च्या अहवालात कारण सांगता येत नाही असंच लिहिलं, मग परत जुन्याच अफवा फिरायला लागल्या.

मार्च 2025 ला नवीन 15,000 चौ. किमी साठी करार झाला, विमान सापडलं तर 7 कोटी डॉलर, नाहीतर एक रुपया नाही. एप्रिलात हंगाम संपला म्हणून काम थांबलं, डिसेंबरअखेर परत सुरू करायचं जाहीर झालं. 2018 ला पण अटी अशाच होत्या, म्हणजे 239 माणसांच्या शोधाची पैशाची सगळी जोखीम 2017 नंतर खाजगी कंपनीवरच टाकलेली आहे.