दरीवरचं झाकण

१ डिसेंबर १९३० ला बेल्जियममधल्या म्यूज नदीच्या दरीत दाट धुकं उतरलं आणि पाच दिवस हललंच नाही. लिएजजवळच्या वीसेक किलोमीटरच्या त्या पट्ट्यात पोलाद, जस्त, काच यांचे कारखाने ओळीने उभे होते. ६० हून अधिक माणसं दगावली, गुरंही मेली. महायुद्धातला कुठे तरी दडलेला विषारी वायू बाहेर आला असावा, अशी कुजबूज झाली. चौकशीत निघालं ते फार साधं होतं: धूर रोजचाच होता, त्याची वर जायची वाट तेवढी बंद झाली होती. चौकशीतले डॉक्टर जाँ फिर्के यांनी पुढे लिहून ठेवलं की लंडनवर अशी पाळी आली तर ३,२०० माणसं जातील. डिसेंबर १९५२ मध्ये टेम्सच्या खोऱ्यात ती आली. सुरुवातीचाच हिशेब ४,००० मृत्यूंचा होता.

ही वाट बंद कशी होते? एरवी उंचीबरोबर हवा गार होत जाते, किलोमीटरला साधारण साडेसहा अंश. त्यामुळे जमिनीलगतची ऊबदार हवा धूर घेऊन चढते आणि पांगते. हिवाळ्याची रात्र मोठी, आभाळ निरभ्र, वारा पडलेला. जमीन भराभर निवते, तिला टेकलेली हवाही निवते. गार हवा जड, म्हणून ती रात्रभर उतारांवरून ओघळत नदीकडे येते आणि पाण्यासारखी तळाशी साचते. वर ऊबदार थर, खाली गार. भूगोलाच्या पुस्तकातली ‘तापमानाची विपरीतता’ ती हीच. नदीचा ओलावा मिळाला की धुकं धरतं, धुक्यामुळे ऊन तळाला पोचत नाही, आणि मग झाकण दुपारीही निघत नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी हवा किलोमीटर-दोन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळते. हिवाळ्याच्या रात्री तेवढाच धूर १००-२०० मीटरांत कोंडतो. पावसाने धूळ बसते, पण अगदी बारीक कण त्यालाही सहजी दाद देत नाहीत.

कारखाने दरीत आले तेही भूगोलामुळेच, हे विसरून चालत नाही. पाणी हाताशी, कोळसा नावेतून दारात, रुळांना सपाट जमीन. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं डोनोरा असंच मोनोंगहेला नदीच्या वळणात, टेकड्यांच्या कुशीत वसलेलं. ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस तिथे हवा कोंडली, पण धुराची सवय इतकी, की हॅलोवीनची मिरवणूक निघाली आणि शनिवारी फुटबॉलचा सामनाही झाला. अग्निशमन दलाचे जवान ऑक्सिजनची नळकांडी घेऊन चाचपडत घरोघर फिरत होते. रविवारी सकाळी जस्ताचा कारखाना थांबवला, मग पाऊस आला आणि हवा मोकळी झाली. तोवर २० जण गेले होते. १४,००० च्या वस्तीत ६,००० च्या आसपास लोक आजारी पडले होते.

मला मात्र सगळ्यात बोलकं वाटतं ते कॅनडातल्या ट्रेलचं प्रकरण. कोलंबिया नदीच्या खोल दरीतला हा शिसं-जस्त वितळवण्याचा कारखाना अमेरिकेच्या सीमेपासून जेमतेम ११ किलोमीटरवर. १९२५ आणि १९२७ मध्ये त्याने सुमारे १२५ मीटर उंचीची दोन धुराडी उभारली. धूर वर गेला खरा, पण दरीतून निसटला नाही. नदीच्या वाटेने तो सीमेपलीकडच्या शेतांवर गेला. भांडण दोन देशांच्या लवादापुढे पोचलं आणि दरीत मोजमाप सुरू झालं. नोंदींत एक विचित्र गोष्ट दिसली: सकाळी ऊन चढलं की मैलोन्‌मैल अंतरावरच्या ठाण्यांवर गंधकाचा वायू जवळपास एकाच वेळी वाढायचा. वाऱ्याबरोबर वाहत आला असता तर आधी जवळच्या ठाण्यावर, मग लांबच्या, असा दिसला असता. तो रात्रभर वरच्या थरात दरीभर पसरून राहायचा आणि तळाची हवा तापून हलली की सगळीकडे एकदमच खाली यायचा.

१९४१ च्या अंतिम निकालात लवादाने धूर सरसकट बंद केला नाही. पिकांचा हंगाम आहे की नाही, वारा कुठला, हवा किती घुसळते आहे, हे पाहून तासाला किती गंधक सोडायचं याची मर्यादा त्याने ठरवून दिली.