चिखल कुठला, टायर तसा

जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली की पहिला महिना ती घरापेक्षा गॅरेजातच जास्त उभी असते. दुसऱ्या महिन्यात मालक टायरच्या दुकानात जातो आणि ठरलेला प्रश्न विचारतो: "एटी टाकू की एमटी?" एटी म्हणजे ऑल टेरेन, एमटी म्हणजे मड टेरेन. दुकानदार हाताशी असलेला माल पुढे करतो, मित्र काल पाहिलेल्या व्हिडिओतलं सांगतात. गाडी नेमकी फसते कुठं, निफाडच्या मळ्यात की पेठच्या चढावर, हे मात्र कुणी विचारत नाही. नाशिक जिल्ह्यात तर टायर ठरतो तो याच उत्तरावर.

"फोर बाय फोर आहे, कुठंही जाईल," हा समज आधी बाजूला ठेवू. इंजिनाचा जोर दोनाऐवजी चार चाकांत वाटून देणं, एवढंच ही यंत्रणा करते. पकड वाढवणं तिच्या हातात नाही. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबताना आणि वळताना फोर बाय फोरचा काडीचा उपयोग होत नाही. पकड येते ती रबर जमिनीला टेकतं तेवढ्याच जागेतून. एका चाकावर ५०० किलो भार आणि टायरमध्ये ३० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा धरली, तर ही जागा साधारण २४० चौरस सेंटिमीटर भरते. पंधरा-सोळा सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन, बस्स. असे चार चौकोन आणि त्यांच्या भरवशावर दोन टन लोखंड.

या चौकोनात रबर दोन तऱ्हांनी पकड धरतं. एक म्हणजे रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात. मधे पाणी किंवा धूळ आली की हे चिकटणं संपतं. दुसरी तऱ्हा अशी, की रबर डांबरातल्या खडीच्या टोकांवर दबतं आणि पुन्हा मूळ आकारात यायला किंचित उशीर लावतं. या उशिरात ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि घसरण्याला विरोध होतो. ओल्या रस्त्यावर मुख्य भिस्त या दुसऱ्या तऱ्हेवर असते, आणि त्यासाठी रबर मऊ हवं. ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन यांनी रबर वर्षागणिक कडक होत जातं. ते टाळायला कंपनी रबरात मेण आणि रसायनं मिसळते. टायर फिरत-दबत राहिला की ती पृष्ठभागावर येत राहतात. म्हणून शेडमध्ये तीन वर्षं उभ्या असलेल्या पिकअपचे "नक्षी भरलेली आहे साहेब" म्हणून दाखवले जाणारे टायर रोज पळणाऱ्या टायरपेक्षा वाईट निघू शकतात.

टायरचं वय त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटचे चार आकडे २३१९ असले, तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू नेमकी आतून बसवलेली असते. गुडघे टेकून, मोबाईलचा टॉर्च लावून गाडीखाली डोकं घालायचं. तिथं असतानाच खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसतात का तेही बघायचं. खाचांत मधूनमधून छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरवर ठेवलेले. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, तो काढून टाकावा, असं बऱ्याच टायर कंपन्या सांगतात. स्वस्तात मिळणारे वापरलेले टायर घ्यायला माझी ना नाही, पण आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता माती. निफाड, येवला, सिन्नरकडची काळी माती ही दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली आहे. तिच्यात स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजं भरपूर असतात. ही खनिजं पत्त्यांच्या कॅटसारखी थरांवर थर रचलेली असतात आणि पाणी थेट त्या थरांच्या मधे शिरतं. म्हणून ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि ओली असताना एकाच वेळी चिकटते आणि घसरतेही. चिकटते ती टायरला. नक्षीतल्या खाचा चोंदल्या की टायरचा गुळगुळीत गोटा होतो आणि मग चिखलावर चिखल घसरतो. एमटीच्या खाचा रुंद आणि खोल असतात त्या यासाठी. चाक जरा जोरात फिरलं की त्यांतला चिखल बाहेर फेकला जातो. एटीच्या खाचा अरुंद, त्या काळ्या मातीत लवकर भरतात. साध्या हायवे टायरचं तर विचारूच नका.

पण शेतकऱ्याला हे टायरवाल्यापेक्षा जास्त कळतं. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे ओली जमीन कामाजोगी सुकल्याशिवाय, तो नांगर घालत नाही, मग पिकअप तरी का घालावी? द्राक्षं काढणीला आलेली असताना अवकाळी पाऊस झाला आणि क्रेट बाहेर काढायचेच आहेत, असे दिवस वर्षात थोडेच असतात. तेवढ्यासाठी बाराही महिने डांबरावर घोंघावणारा एमटी बाळगायचा का, हा खरा हिशेब आहे. एमटीच्या रुंद खाचांमुळे डांबराला टेकणारं रबर कमी असतं, ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं, डिझेल जास्त जातं. पिंपळगावच्या बाजारात रोज माल नेणाऱ्यानं एटी घ्यावा आणि पाऊस पडल्यावर दोन दिवस दम धरावा, हे माझं मत.

पश्चिमेला चित्र वेगळं. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा भागात पाऊस धो-धो, पण बऱ्याच ठिकाणी मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम किंवा कातळ. इथं रुंद टायर मिरवणाऱ्यांची फजिती होते. पातळ चिखलावर रुंद टायर तरंगतो. अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक थराला भिडतो आणि तिथं पकड मिळते. रुंद टायर कामाला येतो तो वाळूत किंवा तळ न लागणाऱ्या चिखलात. जुन्या पिकअपला कंपनीनं दिलेले अरुंद टायर गरीब दिसतात, पण पेठ-हरसूलच्या पावसात तेच बरे. कातळाच्या कडा टायरची बाजू फाडतात, तेव्हा इथं नक्षीपेक्षा बाजूची भिंत मजबूत असणं महत्त्वाचं. स्वस्त नायलॉन टायर अजूनही खपतात ते याच गुणावर. मात्र त्यांच्यात दोऱ्यांचे थर तिरपे एकमेकांवर आलेले असतात, त्यामुळे बाजू दबली की तळही हलतो, टायर तापतो आणि लवकर झिजतो. मिशलिननं १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल रचनेत बाजू आणि तळ वेगवेगळं काम करतात. रोज हायवेला लागणाऱ्या गाडीला रेडियलच हवा.

सगळ्यात स्वस्त अपग्रेड मात्र हवा. हवेचा दाब मोजणारा बरा गेज आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप, एवढाच खर्च. वरच्या उदाहरणात ३० पीएसआयचे १८ केले, तर टेकणारी जागा २४० वरून ४०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते. ही वाढ रुंदीपेक्षा लांबीत जास्त होते, म्हणजे नक्षीचे जास्त ठोकळे एकाच वेळी मातीत रुततात. जमिनीच्या वरच्या थरावर पडणारा दाब साधारण टायरमधल्या हवेइतकाच असतो. त्यामुळे हवा कमी केली की बागेतल्या दोन ओळींमधली माती कमी दबते, हा आणखी एक फायदा. तीन अटी आहेत. वेग माणसाच्या चालीचा ठेवायचा, गाडीत भरमसाट माल नसावा, आणि टायर ट्यूबलेस असावा. ट्यूबचा टायर कमी हवेत रिमवर सरकतो, त्याच्याबरोबर ट्यूबही सरकते आणि व्हॉल्व मुळापासून उपटला जातो.

डांबरावर येताच हवा परत भरायची. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो, याचं एक सूत्र नासानं विमानांच्या टायरवरून काढलं होतं. त्याप्रमाणे खाचा झिजलेल्या टायरमध्ये ३० पीएसआय असतील तर हा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येतो, आणि २५ असतील तर ८३. पिकअपला ते तंतोतंत लागू नाही, पण मुंबई-आग्रा हायवेवर श्रावणात लक्षात ठेवण्याजोगं आहे. थंडीतही बघावं. दुपारी ३५ अंशांना ३२ पीएसआय भरलेली हवा निफाडच्या ८ अंशांच्या पहाटे २८ दाखवते. पंक्चर नसतं, वायू थंड झाला की त्याचा दाब उतरतो एवढंच.

"एक साईज मोठा टाक" हा सल्ला फुकट मिळतो, पण महाग पडतो. समजा, गाडीला २१५/७५ आर १५ टायर आहे. २१५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ७५ टक्के बाजूची उंची आणि १५ इंचांचा रिम मिळून टायरचा व्यास ७०३ मिलिमीटर होतो. २३५/७५ घेतला तर ७३३. गाडी फक्त १५ मिलिमीटर उचलली जाते, कारण अर्धाच व्यास धुरीखाली येतो. बदल्यात प्रत्येक गिअरमधला ओढण्याचा जोर चार टक्क्यांनी घटतो, ब्रेकला तेवढंच जास्त काम पडतं, आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२.५ ला असते. थकलेल्या डिझेल इंजिनाला हे चार टक्के सप्तशृंगीच्या चढावर जाणवतात. मापाशेजारचा लोड इंडेक्स मात्र बघाच: १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०४ म्हणजे ९००. माल वाहणाऱ्या गाडीत कंपनीनं दिलेल्या आकड्याखाली उतरायचं नाही.

"सध्या पुढचे दोन बदलू, मागचे पुढच्या वर्षी." अशा गाड्यांत ही काटकसर नडते. जुन्या पिकअपमध्ये फोर बाय फोरचा दांडा टाकला की पुढची-मागची धुरी एकमेकींना घट्ट जोडल्या जातात. पुढे नवी नक्षी आणि मागे झिजलेली, त्रिज्येत फरक सहा मिलिमीटरचा. तो भरतो पावणेदोन टक्के, म्हणजे दर किलोमीटरला सतराएक मीटर. चिखलात चाकं घसरून ही तफावत भागवतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून ताण शाफ्टवर, शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर आणि गिअरांवर चढतो आणि दांडा अडकून बसतो. अशा वेळी दांडा ओढत बसू नका, गाडी थोडी मागे घ्या, ताण सुटतो. पैसे दोन टायरचेच असतील तर नवे मागे बसवा आणि डांबरावर फोर बाय फोर विसरा.

तरीही कधीतरी एक पुढचं आणि तिरपं एक मागचं चाक गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. धुरीच्या मधोमध डिफरन्शियल नावाचा गिअरचा संच असतो; साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. घसरणारं चाक फिरवायला नगण्य जोर पुरतो, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो. दोन्ही चाकं एकत्र बांधणाऱ्या लॉकरवर हे सुटतं, पण लॉकरच्या पैशात टायरचा अख्खा सेट येतो. त्याआधी हँडब्रेक दोन-तीन दात ओढून हळू ॲक्सिलरेटर द्या. घसरणाऱ्या चाकाला विरोध झाला की डिफरन्शियलला दुसरीकडे जास्त जोर पाठवावा लागतो. मागच्या चाकांपुरतं हे चालतं, पण बऱ्याचदा तेवढ्यानं गाडी निघते.

उरलेल्या पैशांत काय करावं? ओढे ओलांडणाऱ्यानं आधी डिफरन्शियलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करण्याची वाट, बघावा. धावून तापलेली धुरी गार पाण्यात शिरली की आतली हवा आक्रसते. ब्रीदर चोंदलेला असला तर सील पाणी आत ओढतं आणि ऑइल दुधाळ होतं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बोनेटपर्यंत नेली की काम झालं. खर्च काही शे रुपये. आधी हे करा, मग इंजिनाची हवा उंचावरून घेणाऱ्या स्नॉर्केलचं बोला.

दुसरं ब्रेक ऑइल. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना रस्ता सुमारे ३०० मीटर खाली जातो. भरलेली अडीच टनांची पिकअप या उतारात साधारण ७३ लाख ज्यूल ऊर्जा सोडते, म्हणजे बावीस लिटर गार पाणी उकळेल एवढी. काही हवेच्या रोधात आणि टायरमध्ये जिरते, बाकीची इंजिनानं रोखायची किंवा ब्रेकनं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रकाराचा उत्कलनबिंदू नवं असताना निदान २०५ अंश असतो, ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते आणि पाय थेट फळीपर्यंत जातो. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि घाट चढताना लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

बुश, शॉकअप, क्रॉस आणि लायनर जे झिजलं असेल ते बदलून गाडी मूळ रूपात आणणं, याच्यापुढे बाकीचे अपग्रेड फिके आहेत. पाट्यात एक पान वाढवलं की रिकामी गाडी उडते आणि उडणारं चाक पकड सोडतं. रोजचा माल जड असेल तरच वाढवावं. गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटनं गुरुत्वमध्य वर जातो आणि शाफ्टचा कोन बिघडतो. बुलबारवर, म्हणजे पुढच्या बंपरवर लावायच्या लोखंडी गार्डवर, केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरात बंदी आणली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदवलेल्या कंपनीच्या तपशिलात परस्पर बदल करता येत नाही, आणि पासिंगला गाडी नेल्यावर हे सगळं उघड्यावर येतं.

नवा सेट बसवताना स्टेपनीही काढून बघा. पिकअपची स्टेपनी हौद्याखाली चिखलात लटकलेली असते. तिची साखळी गंजून जाम होते आणि हवा कधी गेली ते कळत नाही. तीही त्याच मापाची हवी. नसेल तर ती लावून गाव गाठेपर्यंत फोर बाय फोरच्या दांड्याला हात लावू नका.