नवोदित चालकाला मोजायचे कशाने?

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघाची गाडी वेगळी असते, त्यामुळे चालकाचे कसब पारखायचे तर त्याच संघाची गाडी चालवणारा दुसरा चालक हेच त्यातल्या त्यात विश्वासार्ह परिमाण ठरते. 2023 मध्ये मॅकलॅरेनकडून पदार्पण करणाऱ्या ऑस्कर पियास्त्रीने हंगामाअखेर 97 गुण मिळवले, तर आपला पाचवा हंगाम खेळणारा त्याचा सहकारी लँडो नॉरिस 205 गुणांवर पोहोचला. एवढ्यावरून निकाल लावणे मात्र घाईचे होईल, कारण मुख्य शर्यतीत पहिल्या दहा जणांनाच गुण मिळतात आणि अकरावा व विसावा दोघेही सारखेच रिकाम्या हाताने परततात.

शिवाय गाडी दर वेळी खरोखर ‘तीच’ असते असेही नाही. त्या वर्षी ऑस्ट्रियात सुधारित भाग फक्त नॉरिसच्या गाडीला बसवले गेले. तो चौथा आला आणि पियास्त्री सोळावा. पुढच्याच आठवड्यात ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनला पियास्त्रीलाही बरेचसे नवे भाग मिळाले, तेव्हा नॉरिस दुसरा आणि तो चौथा होता.

म्हणून जाणकार आधी पात्रता फेरी पाहतात, म्हणजे शर्यतीत कोण कोठून सुटणार हे ठरवणारी, एका लॅपच्या (मार्गाच्या एका पूर्ण चकरेच्या) वेळेची चाचणी. तेथे इंधन कमी, टायर नवे आणि वाट बहुधा मोकळी असते. (2007 मध्ये हे खरे नव्हते. तेव्हा आघाडीचे चालक शर्यतीसाठीचे इंधन भरूनच शेवटची पात्रता फेरी देत, त्यामुळे नवख्या लुईस हॅमिल्टनची मॅकलॅरेनमधल्याच अनुभवी फर्नांडो अलोन्सोशी तुलना आजही अवघड जाते.) फरक सेकंदांत न मोजता टक्क्यांत मोजावा, कारण 65 सेकंदांच्या लॅपमधले 0.2 सेकंद 105 सेकंदांच्या लॅपमधल्या 0.2 सेकंदांपेक्षा बरेच मोठे असतात. सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने मांडलेल्या आकड्यांतला मधला आकडा) घेतल्यास पावसात बिघडलेली एखादी फेरी सगळे गणित नासवत नाही. कोण किती वेळा पुढे राहिला, या आकड्यावर मात्र फार विसंबू नये: अगदी तुल्यबळ चालकांतही 22 फेऱ्यांत 14-8 किंवा त्याहून एकतर्फी निकाल लागण्याची शक्यता सुमारे 29 टक्के असते.

पात्रता फेरी एका लॅपची परीक्षा घेते. अनुभवाची खरी कसोटी लागते ती टायर जपण्यात. गाडी वळणावर किंचित घसरली तरी टायरचा पृष्ठभाग तापतो, पकड कमी होते, गाडी आणखी घसरते आणि हे चक्र सुरूच राहते. आज थोडे सबुरीने चालवले तर दहा लॅपनंतर किती वेळ वाचेल, हा अंदाज शर्यतीतूनच अंगवळणी पडतो. जपानमधल्या सुझुकाचा डांबरी पृष्ठभाग टायर भराभर झिजवतो. तेथे 2023 मध्ये पियास्त्री पात्रता फेरीत नॉरिसच्या 0.035 सेकंद पुढे होता, पण 53 लॅपच्या शर्यतीत तो सुमारे 17 सेकंद मागे पडून तिसरा आला. त्यात टायर बदलायला पिटमध्ये कधी शिरायचे याच्या निर्णयाचाही वाटा होता, तरी नवोदित चालक नेमका कोठे कमी पडतो हे माझ्या मते या दोन आकड्यांइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

पुढे 2024 मध्ये पियास्त्रीचे 292 गुण झाले आणि नॉरिसचे 374. 2025 मध्ये हेच आकडे 410 आणि 423 होते. अंतर एवढे मिटले यात शिकण्याचा वाटा मोठा आहे, पण तोपर्यंत मॅकलॅरेनची गाडीच आघाडीवर आली होती आणि दोघांवरही गुणांविना परतण्याची वेळ क्वचितच येत होती, हेही हिशेबात धरावे लागते.