वाचा गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

पाथरी तालुक्यातलं आमचं गाव जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. एका सकाळी आमच्या चुलत्यांनी, म्हणजे अण्णांनी, ओसरीवरून काकूला हाक मारली, "अगं, त्या पंपाची वाटी लिंबाला दिली का? मी कालच तिला उसवून ठेवलं." सूर नेहमीचा, दरडावणी नेहमीची, क्रियापद जागच्या जागी, विभक्तीसुद्धा बरोबर. फक्त अर्थ नव्हता. काकूला वाटलं, चेष्टा करायलेत. "चहा घेता का?" विचारलं तर ते उठून चपला घालायला लागले. हातपाय धड, तोंड वाकडं नाही. शेजारच्या म्हातारीनं निदान केलं, बाहेरचं लागलं. लिंबू उतरवून अंगारा आणेपर्यंत दुपार कलली. संध्याकाळी परभणीत सीटी स्कॅन झालं तेव्हा कळलं की हा पक्षाघात.

"पण यांच्या अंगावरून वारं गेलंच नाही की!" काकू म्हणत राहिली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्याकडे लकवा म्हटलं की लुळा हात आणि वाकडं तोंड डोळ्यांपुढे येतं. अण्णांना यातलं काहीच का झालं नाही, याचं उत्तर मेंदूच्या पाटपाण्यात, म्हणजे रक्तपुरवठ्यात आहे.

डॉक्टरांनी आल्याआल्या एक प्रश्न विचारला होता, "डावखुरे आहेत का?" तेव्हा तो मला फालतू वाटला. उजव्या हातानं काम करणाऱ्या शंभरातल्या सुमारे 95 जणांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते. डावखुऱ्यांतही बहुतेकांची तिथेच, पण प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, तरी हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं 15 टक्के तोच ओढतो. जबड्याखाली बोट दाबलं की जी धमनी उडते, तिची एक फांदी कवटीत शिरते. तिथे तिला फुटणारी सगळ्यात मोठी शाखा म्हणजे मधली धमनी; डॉक्टर तिला एमसीए म्हणतात. ही मुळाशी साधारण 3 मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून बारीक. कानशिलाच्या आत मेंदूला एक खोल घडी आहे, त्या घडीत शिरून ती बहुधा दोन चाऱ्यांत फुटते, वरची आणि खालची.

वरच्या चारीवर कपाळामागच्या भागाचा एक तुकडा भिजतो, त्याला ब्रोकाचं क्षेत्र म्हणतात. पॉल ब्रोका हे पॅरिसचे शल्यविशारद. 1861 मध्ये त्यांच्याकडे लबोर्न्य नावाचा रुग्ण आला. तो 21 वर्षं त्याच रुग्णालयात होता आणि काहीही विचारलं तरी "तां, तां" एवढंच म्हणायचा. समोरच्याचं बोलणं मात्र त्याला बरंचसं कळायचं. चिडला की एक फ्रेंच शिवी स्पष्ट यायची! तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढचा भाग खराब झालेला दिसला. असे रुग्ण आपल्याकडेही दिसतात. "शेत... बैल... पाणी" असे सुटे शब्द घामाघूम होऊन बाहेर येतात, प्रत्यय गळतात किंवा चुकतात. पण भजनात बसवलं तर यांच्यातले काही जण "पुंडलिक वरदे" अडखळल्याशिवाय म्हणतात, कारण पाठ झालेलं आणि गायलेलं बोलणं मेंदू वेगळ्या वाटेनंही काढू शकतो. (2007 मध्ये लबोर्न्यच्या जतन केलेल्या मेंदूचं एमआरआय झालं आणि इजा ब्रोकांना वाटली त्यापेक्षा बरीच खोल निघाली. केवळ ब्रोकाच्या क्षेत्राला मार बसला तर वाचा बऱ्याचदा परत येते. शाळेच्या पुस्तकातला नकाशा इतका सोपा नाही.)

चेहरा आणि हात हलवणारी पट्टीही याच वरच्या चारीवर. म्हणून ती तुंबली की शब्दांबरोबर उजवा हात जातो, तोंड वाकडं होतं आणि घरचे लगेच गाडी काढतात.

अण्णांची तुंबली ती खालची. तिच्यावर कानाच्या वरचा-मागचा भाग भिजतो. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी 1874 मध्ये, वयाच्या 26 व्या वर्षी, त्या जागेचं महत्त्व दाखवलं. इथे ऐकलेल्या आवाजाला अर्थ मिळतो. हा भाग सुकला की बोलणं वाहतं राहतं, पण स्वतःचं बोलणंही स्वतःला कळत नाही. हात हलवणारी पट्टी या चारीवर नाही, त्यामुळे हात शाबूत. असा माणूस वेडा ठरतो, आणि आमच्या गावातही तेच झालं.

कालव्यावरच्या माणसाला टेलचं, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचं दुखणं सांगावं लागत नाही. मेंदूतही टेल आहे. पुढची, मधली आणि मागची अशा तीन धमन्यांच्या हद्दी जिथे भिडतात तिथल्या रानाला शेवटचं पाणी मिळतं. रक्तदाब फार पडला किंवा मानेतली धमनी अरुंद झाली की पहिलं तेच सुकतं. मजा अशी की दोन्ही भाषाक्षेत्रं आणि त्यांना जोडणारे तंतू मधल्या धमनीच्या राज्यात असल्यानं वाचतात. मग रुग्ण स्वतःहून बोलत नाही, कधी समजतही नाही, पण तुम्ही "आज बाजाराला कोण गेलंय?" म्हणालात तर जसंच्या तसं म्हणून दाखवतो.

मागच्या धमनीची गंमत आणखी वेगळी. 1892 मध्ये देजरीन या फ्रेंच डॉक्टरांनी नोंदवलेला रुग्ण सांगितलेलं लिहायचा, पण स्वतः लिहिलेलं त्याला वाचता येत नव्हतं.

कालव्याची उपमा इथे संपते. आमचा ऊस आठ दिवस पाण्यावाचून तग धरतो, पण मेंदूचं तसं नाही. मोठी धमनी तुंबली तर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा 2006 मधला अंदाज आहे. रक्तस्राव नाही हे सीटीवर पाहून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, तेही त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांत. काही निवडक रुग्णांत मोठ्या धमनीतली गुठळी तारेनं ओढून काढतात. तिथे मुदत 24 तासांपर्यंत जाऊ शकते. अण्णांची गुठळी लहान चारीत होती आणि साडेचार तास अंगाऱ्यात गेले होते.

पहिले दोन महिने ते अखंड बोलायचे आणि आपलं चुकतंय हे त्यांच्या गावीही नसायचं. काकू शब्द टाकून खुणांवर आली. चहाला कप दाखवायचा, जेवायला ताट. आता बरंच कळायला लागलंय. परवा कप हातात घेऊन ते "वा..." म्हणाले, थांबले, मान हलवली आणि गप्प झाले. चुकतंय हे आता त्यांना कळतं, म्हणून ते कमी बोलतात.