निगमीकरण आणि खाजगीकरण: आयुध निर्माण्यांचे नेमके काय झाले?

१ ऑक्टोबर २०२१ रोजी लष्करासाठी शस्त्रे व दारूगोळा बनवणारे सरकारी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याचे ४१ कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले, तेव्हा अनेकांनी त्याला सरसकट ‘खाजगीकरण’ म्हटले. प्रत्यक्षात ते निगमीकरण होते.

खाजगीकरणात मालक बदलतो. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, ते खाजगीकरण. निगमीकरणात मालक तोच राहतो, बदलतो तो कारभार. पूर्वी हे कारखाने म्हणजे संरक्षण मंत्रालयाचेच एक खाते होते: लष्कराने इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवायचे, कारखान्याने माल तयार करायचा आणि त्यावर जो खर्च येईल तीच त्याची किंमत ठरायची. अशा व्यवस्थेत उधळपट्टीचा भार अखेर लष्कराच्याच तरतुदीवर पडतो, हा आक्षेप रास्तच होता. आता सातांपैकी पुण्यात मुख्यालय असलेली म्युनिशन्स इंडिया किंवा नागपूरची यंत्र इंडिया यांना कंपनी कायद्याप्रमाणे संचालक मंडळ आहे, स्वतःचा ताळेबंद आहे आणि त्या बँकेकडून कर्जही घेऊ शकतात. जुन्या इंडेंटचे सुमारे ७० हजार कोटी रुपयांच्या करारांत रूपांतर झाले. कर्मचारी मात्र केंद्र सरकारचेच राहून मानीव प्रतिनियुक्तीवर, म्हणजे कंपनीत तात्पुरते पाठवले आहेत असे मानून, गेले. सुरुवातीला दोन वर्षांची असलेली ती मुदत पुढे वाढवावी लागली.

मग कामगार संघटनांची भीती निराधार होती काय? तसे म्हणता येत नाही. सरकारी खात्याचे भाग (शेअर) विकता येत नाहीत, कंपनीचे येतात. म्हणजे निगमीकरणाशिवाय खाजगीकरणाची वाटच खुली होत नाही. परदेशी दूरसंचार सेवा देणारे विदेश संचार निगम १९८६ मध्ये खात्यातून कंपनी झाले आणि २००२ मध्ये त्याचे व्यवस्थापन टाटांकडे गेले. शिवाय २०२१ मध्येच संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालणारा कायदा झाल्याने संशय वाढला, यात नवल नाही. उलट विमाने बनवणारी हिंदुस्थान एरोनॉटिक्स कित्येक दशके कंपनी असूनही सरकारचीच आहे. युद्धनौका बांधणाऱ्या माझगाव डॉकचे काही भाग २०२० मध्ये बाजारात आले खरे, पण बहुमताचा वाटा सरकारकडेच राहिला. ती निर्गुंतवणूक होती, खाजगीकरण नव्हे.

तेव्हा या सात कंपन्यांबाबत पाहायचे ते नावापुढचे ‘लिमिटेड’ नव्हे, तर भागधारकांच्या नोंदवहीत भारताच्या राष्ट्रपतींच्या (म्हणजे केंद्र सरकारच्या) नावावर किती भाग आहेत, हे.