स्टोनवॉल पुरस्कार: मुलांच्या पुस्तकांचा विभाग इतका उशिरा का आला?

एलजीबीटी विषयांवरच्या पुस्तकांना अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या छत्राखाली दिला जाणारा स्टोनवॉल पुरस्कार १९७१ पासूनचा आहे. त्याचा बाल आणि कुमार साहित्याचा विभाग मात्र २०१० मध्ये सुरू झाला. मधल्या ३९ वर्षांचं कारण बहुतेक वेळा एकाच शब्दात सांगितलं जातं: विरोध. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. पुरस्कार चालवायचा तर दरवर्षी निवड करण्याजोगी पुस्तकं हाताशी लागतात, आणि मुलांसाठीची अशी पुस्तकं कितीतरी वर्षं नव्हतीच.

सुरुवात झाली ती १९७० मध्ये. ग्रंथालय संघटनेत समलिंगी मुक्तीसाठी एक कृतिगट उभा राहिला. इस्रायल फिशमन त्याचे संस्थापक, आणि पुढची पंधरा वर्षं तो सांभाळला बार्बरा गिटिंग्ज यांनी, ज्या पेशाने ग्रंथपाल नव्हत्या. १९७१ च्या डॅलस अधिवेशनात या गटाने पुस्तकांचं प्रदर्शन मांडायचं सोडून ‘समलिंगी व्यक्तीला मिठी मारा’ असा स्टॉल लावला. कोणी पुढे येईना, तेव्हा गटातल्या लोकांनीच टीव्ही कॅमेऱ्यांसमोर एकमेकांना मिठ्या मारल्या. त्याच अधिवेशनात पहिला पुरस्कार दिला गेला इझाबेल मिलर यांच्या कादंबरीला. ही कादंबरी लेखिकेने स्वखर्चाने छापली होती, हजार प्रती. मोठ्या प्रकाशकाकडून ती आली पुढच्या वर्षी. संघटनेने या पुरस्काराला अधिकृत मान्यता दिली ती १९८६ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षं तो कृतिगटाच्या हौसेवर चालला.

मोठ्यांच्या साहित्यात ही अवस्था, तर कुमारांच्या कपाटात काय असणार? समलिंगी प्रसंग असलेली अमेरिकेतली पहिली कुमार कादंबरी १९६९ ची, जॉन डोनोव्हन यांची. तिच्यात दोन मुलगे एकमेकांचं चुंबन घेतात, आणि पुढे नायकाचा लाडका कुत्रा गाडीखाली सापडून मरतो. मुलगा दोन्हींचा संबंध जोडतो. पुढची बरीच वर्षं अशा कथांमध्ये शेवटी कोणीतरी मरायचं, नाहीतर शिक्षा भोगायचं. अभ्यासक क्रिस्टीन जेनकिन्स यांच्या मोजणीनुसार सत्तरच्या दशकात अशी कुमारांसाठीची पुस्तकं फक्त ८ निघाली, ऐंशीच्या दशकात ४० आणि नव्वदच्या दशकात ७५. सत्तरच्या दशकात वर्षाला एकही पुस्तक धड नाही, तिथे परीक्षक मंडळ बसवून करणार काय? म्हणून कृतिगटाने आधी दुसरं काम केलं. १९७६ च्या सुमारास मुलांच्या पुस्तकांत समलिंगी पात्रं कशी यावीत याची मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध केली. माझ्या मते या पुरस्काराची खरी पायाभरणी तिथे झाली, कारण बक्षीस नसतानाही निकष तयार झाले.

चित्रपुस्तकांची वाट याहून अवघड होती. डेन्मार्कमध्ये १९८१ साली दोन वडिलांबरोबर राहणाऱ्या एका मुलीचं छायाचित्रांचं पुस्तक निघालं. १९८३ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती ब्रिटनमध्ये आली, आणि ते पुस्तक लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाकडे असल्याचं समजताच एवढा गदारोळ झाला की १९८८ च्या कलम २८ मागे त्याचाही हात होता. या कलमाने स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायला बंदी घातली. ते स्कॉटलंडमध्ये २००० ला आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ ला रद्द झालं. अमेरिकेत लेस्लेआ न्यूमन यांचं दोन आयांच्या मुलीचं पुस्तक १९८९ मध्ये निघालं, तेही दहा-दहा डॉलरच्या देणग्या गोळा करून.

त्याच वर्षी लॅम्डा या, एलजीबीटी साहित्यासाठीच्याच दुसऱ्या अमेरिकी पुरस्कारांची पहिली फेरी झाली. हे पुरस्कार ग्रंथपालांचे नव्हेत, पुस्तक व्यवसायातून आलेले. वॉशिंग्टनमधल्या लॅम्डा रायझिंग या दुकानाचे मालक डीकन मॅकबिन यांनी ते उभे केले. बाल आणि कुमार यांचा जोडविभाग तिथे लवकरच आला, पण दोन्ही वेगळे व्हायला २०२० उजाडलं. लॅम्डाने एक प्रयोग करून पाहिला आणि तो अंगाशी आला. २००९ मध्ये नियम केला की लेखक स्वतः एलजीबीटी असला पाहिजे. मग प्रश्न उभा राहिला की हे ठरवायचं कसं, आणि ज्याने अजून घरीही सांगितलेलं नाही त्याने काय करायचं. २०११ मध्ये बहुतेक विभागांतून ही अट काढली. स्टोनवॉलने पहिल्यापासून आशयच पाहिला, लेखकाची ओळख नाही.

२००८ मध्ये ग्रंथालय संघटनेच्या सभासदांनी मुलांसाठीच्या निवडक पुस्तकांची पहिली ‘रेनबो यादी’ काढली. यादी भरते हे दिसलं, आणि दोनच वर्षांत पुरस्कार आला. ग्रंथपाल लॅरी रोमन्स आणि त्यांचे जोडीदार माइक मॉर्गन यांच्या देणगीमुळे त्याला त्यांचं नाव आहे. पहिला मान निक बर्ड यांच्या कुमार कादंबरीला. २०११ पासून त्याची घोषणा न्यूबेरी आणि कॅल्डेकॉट या अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या नामांकित पुरस्कारांबरोबर, जानेवारीतल्या त्याच कार्यक्रमात होऊ लागली. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण देशभरातले ग्रंथपाल त्याच दिवशी खरेदीची यादी करतात.

घोळ होता तो वयाचा. न्यूबेरी चौदा वर्षांपर्यंतच्या वाचकांसाठी, कुमार साहित्याचा प्रिंट्झ बारा ते अठरासाठी, आणि हा एकटा पुरस्कार जन्मापासून अठरापर्यंत. बत्तीस पानी चित्रपुस्तक आणि तीनशे पानी कादंबरी एकाच तराजूत घातली की कादंबरीचं पारडं जड होणारच. पहिल्या पाच वर्षांत चित्रपुस्तकाला मान मिळाला नाही. तो २०१५ मध्ये गेल पिटमन यांच्या प्राइड मिरवणुकीवरच्या पुस्तकाला मिळाला. त्या पुस्तकाच्या शेवटी प्रत्येक ओळीचा संदर्भ आणि पालकांसाठी वयानुसार टिपा आहेत. २०१६ पासून बालवाचकांचं एक आणि कुमारांचं एक अशी निवड होऊ लागली.

त्या वर्षी बालवाचकांचं पुस्तक होतं ॲलेक्स जिनो यांची ‘जॉर्ज’, एका ट्रान्स मुलीची गोष्ट (आता ती ‘मेलिसा’ नावाने मिळते). तीच कादंबरी २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं अमेरिकेतल्या ग्रंथालयांत सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत पहिली होती. मुखपृष्ठावरच्या पदकाने पुस्तक वाचकाला सापडतं, तसं ते हटवू पाहणाऱ्यालाही सापडतं.

मग पदकाचा उपयोग काय? तो आक्षेपाच्या प्रक्रियेत कळतो. पुस्तक ग्रंथालयातून काढा असा तक्रारदार लेखी अर्ज देतो, समिती पूर्ण पुस्तक वाचते, परीक्षणं आणि पुरस्कार तपासते, तोवर पुस्तक कपाटात राहतं. निदान कागदावर असं आहे. बिनसतं ते ही प्रक्रिया वगळून वरून हुकूम आला की. १९९३ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथ शाळा जिल्ह्याने नॅन्सी गार्डन यांची ‘ॲनी ऑन माय माइंड’ ही दोन मुलींच्या प्रेमाची कादंबरी अशीच काढली. विद्यार्थी आणि पालक न्यायालयात गेले. १९९५ च्या निकालात न्यायाधीशांनी म्हटलं की पुस्तक शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य म्हणून नव्हे, तर त्यातले विचार पटले नाहीत म्हणून काढलं गेलं, आणि जिल्ह्याने स्वतःचेच नियम पाळले नाहीत. पुस्तक परत आलं. २००३ मध्ये याच कादंबरीसाठी गार्डन यांना कुमार साहित्यातला मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार मिळाला.

ब्रिटनमध्ये एलजीबीटी साहित्यासाठीच्या पोलारी पुरस्काराने बाल-कुमार विभाग २०२२ मध्ये सुरू केला, तो दर दोन वर्षांनी. २०२५ मध्ये मुख्य पुरस्काराच्या पहिल्या यादीतल्या एका लेखकाच्या ट्रान्सविषयक मतांवरून वाद पेटला, इतर लेखकांनी नावं मागे घेतली आणि त्या वर्षीचा पुरस्कार स्थगित झाला. लॅम्डाचा वाद लेखक कोण यावर होता, पोलारीचा लेखक पुस्तकाबाहेर काय बोलतो यावर. पोलारीच्या मुलांच्या विभागाला याचा फटका बसला नाही, पण त्याचं कारण इतकंच की २०२५ ही त्याची पाळीच नव्हती.